कुंडीतलं कारलं: बी रुजवण्यापासून रसाच्या मापापर्यंत

गॅलरीतला कारल्याचा वेल बघितला की घरी येणारा प्रत्येक जण आधी रसाचंच विचारतो. "रोज किती पिता? अनशेपोटीच ना?" भाजी कशी करता, हे कुणी विचारत नाही. कारलं म्हणजे साखरेवरचं औषध हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय, की ते भाजीवाल्याकडे मिळतं याचाच विसर पडावा. माझ्या आजोळी, रोह्याजवळ, परसात दर पावसाळ्याला कारल्याचा वेल असायचा. आजीने रस काढल्याचं मला आठवत नाही. आठवड्यातून एक-दोनदा काचऱ्या, पितृपक्षात श्राद्धाच्या पानावर कारल्याची भाजी, आणि कुणाच्या तळपायाची आग व्हायला लागली की पानांचा चोथा. कारल्याचं एवढंच.

रसाचं पुढे सांगते, आणि जरा सविस्तर सांगते. आधी वेल लावू.

बी कधी टाकायचं, कोणतं टाकायचं

आपल्याकडे कारल्याचे दोन हंगाम. पावसाळी वेलाचं बी जून-जुलैत टाकायचं, उन्हाळी वेलाचं जानेवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत. नवख्यांनी जूनचा मुहूर्त धरावा, पाणी घालायचं निम्मं काम पाऊस करतो. ऐन थंडीत पेरलंत तर बी मातीत नुसतं पडून राहतं. मग आपण रोज उकरून बघतो आणि ते उकरण्यानेच मरतं.

जातींमध्ये राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची 'हिरकणी' आणि 'फुले ग्रीन गोल्ड' ही नावं बियाणांच्या दुकानात ओळखीची आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण तारा' ही आणखी एक. ग्रीन गोल्डची फळं लांब, पंचवीस-तीस सेंटिमीटरपर्यंत जाणारी. हिरकणी आणि कोकण ताराची त्याहून आखूड. गॅलरीला आखूड फळंच बरी, वेलावर ओझं कमी पडतं. पाकिटावर 'संकरित' लिहिलं असेल तर त्या वेलाचं बी पुढच्या वर्षासाठी धरू नका, तशीच फळं येतील याचा भरवसा नसतो. 'सुधारित' किंवा गावठी असेल तर बिनधास्त धरा.

बी रुजवणं

कारल्याचं बी हातात घेऊन बघा. चपटं, तपकिरी, कडेला दातेरी नक्षी, कासवाच्या पाठीसारखं टणक. या कवचातून कोंब सहज बाहेर पडत नाही, म्हणून तसंच मातीत खुपसलेलं बी कधी कधी पंधरा दिवस तोंड दाखवत नाही. मी नेलकटरने बियाच्या टोकाकडचं कवच अगदी किंचित, तांदळाच्या कणीएवढं तोडते. आतला पांढरा गर दुखवायचा नाही. मग रात्रभर, जमलं तर पूर्ण २४ तास, कोमट पाण्यात भिजवायचं. नंतर ओल्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायचं आणि डबा फ्रिजच्या मागच्या बाजूला, जिथे ऊब असते तिथे. चार-पाच दिवसांत पांढरी शेपटी दिसते. शेपटी खाली करून दोन सेंटिमीटर खोल लावायचं.

एका कुंडीत तीन बिया लावा आणि पुढे त्यातला जोमदार वेल एकच ठेवा. उपटताना जीव तुटतो, ठाऊक आहे. तरी उपटा. एका कुंडीत तीन वेल म्हणजे तिन्ही अर्धपोटी.

कुंडी, माती, मांडव

कुंडी पंधरा-अठरा इंची हवी, किंवा रंगाची रिकामी वीस लिटरची बादली, तळाला पाच-सहा भोकं पाडून. मातीत निम्मी बागेची माती, बाकी निम्म्यात जुनं शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडा कोकोपीट. वरून मूठभर निंबोळी पेंड. दर पंधरा दिवसांनी दोन मुठी गांडूळखत घालत राहिलं की आणखी काही लागत नाही.

ऊन मात्र सहा तास हवंच. उत्तरेच्या गॅलरीत वेल दिसायला सुंदर वाढतो, पण फळ धरत नाही. ज्यांची गॅलरी उत्तरेची आहे त्यांनी सोसायटीच्या गच्चीची परवानगी मिळवावी. ती मिळवण्याचं मार्गदर्शन मात्र मला जमणार नाही.

वेल वीतभर झाला की आधार शोधायला लागतो. ग्रिलला नायलॉनची जाळी बांधा किंवा सुतळ्या ताणून घ्या. जाळीच्या वर, साधारण पाच-सहा फुटांवर पोचला की मुख्य वेलाचा शेंडा खुडायचा. इथे सगळेच बिचकतात. पण शेंडा खुडला की बाजूचे फुटवे सुटतात आणि मादी फुलं जास्त करून त्या फुटव्यांवर येतात.

फुलं येतात पण कारलं धरत नाही

पेरल्यापासून पाच-सहा आठवड्यांत पिवळी फुलं दिसू लागतात. घरातले आनंदतात, फोटो काढले जातात, आणि दुसऱ्या दिवशी फुलं गळून पडतात. आठवडाभर हेच. मग वेलाला रोग पडला म्हणून कसलं तरी औषध मारलं जातं. अहो, रोग नाही. कारल्याला नर आणि मादी फुलं वेगळी असतात आणि आधी नर येतात. नर फूल बारीक, लांब देठावर असतं. मादी फुलाच्या मागे, पाकळ्यांच्या खाली, मुंगळ्याएवढं खरखरीत कारलं आधीच तयार असतं. एका मादी फुलामागे दहा-बारा नर फुलं हे प्रमाण नेहमीचंच.

खालच्या मजल्यांवर मधमाश्या हे काम करतात. वरच्या मजल्यावर आपल्यालाच करावं लागतं. फुलं पहाटे उमलतात, म्हणून सकाळी नऊच्या आत ताजं नर फूल तोडायचं, त्याच्या पाकळ्या काढून टाकायच्या आणि मधला पिवळा परागाचा गोळा मादी फुलाच्या मधल्या हिरवट भागावर हलकेच दोन-तीनदा टेकवायचा. घासायचा नाही. जमलं तर तीन-चार दिवसांत मागचं कारलं फुगायला लागतं. नाही जमलं तर ते पिवळं पडून गळतं. पहिल्या वर्षी माझी निम्मी गळली होती.

फळमाशी

एवढी खटपट करून फळ धरलं आणि एक दिवस ते वाकडं व्हायला लागलं, एका बाजूने पिवळं पडलं, कापलं तर आत पांढऱ्या अळ्या. ही फळमाशी. ती कोवळ्या सालीत अंडी घालते, अळ्या आतला गर खातात, मग मातीत जाऊन कोष करतात आणि पुढची पिढी त्याच कुंडीतून वर येते. म्हणून किडलेलं फळ कचऱ्याच्या डब्यात नुसतं टाकायचं नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवायचं, मग फेकायचं.

उपाय दोन. पहिला, कामगंध सापळा, म्हणजे वासाने नर माशीला ओढून अडकवणारा डबा. दुकानदाराला स्पष्ट सांगा, "वेलवर्गीय भाज्यांसाठीचा, क्यू ल्युअरचा द्या." आंब्याच्या बागेत लावतात तो मिथाइल युजेनॉलचा सापळा कारल्याच्या माशीला ओढून घेत नाही. मी तो एक पूर्ण हंगाम टांगून ठेवला होता, पाकिटावर फळमाशीचंच चित्र होतं म्हणून. दुसरा उपाय बिनपैशाचा आणि घरच्या वेलाला जास्त लागू: फळ करंगळीएवढं झालं की त्याला जुन्या ओढणीच्या कापडाची किंवा वर्तमानपत्राची पिशवी घालायची, वरून सैल दोरा. पंधरा-वीस फळांपुरतं हे सहज होतं.

पानांवर पांढरी पावडर दिसली तर ती भुरी, नागमोडी पांढऱ्या रेघा दिसल्या तर नागअळी. दोन्हींत खराब पानं काढून टाकायची आणि आठवड्याने निंबोळी अर्क फवारायचा. वेल संपत आला की भुरी येतेच, तिच्याशी फार झगडू नये.

तोडायचं कधी

फूल उमलल्यापासून बारा-पंधरा दिवसांत, म्हणजे पेरणीपासून साधारण दोन महिन्यांनी पहिली तोडणी. फळ गर्द हिरवं, काटे टोकदार, नखाने दाबलं तर साल सहज खुपते तेव्हा तोडायचं. काटे सपाट होऊन साल चकाकायला लागली की आतलं बी कडक झालं म्हणून समजा. घरी वेल लावण्याचा खरा फायदा इथेच आहे. बाजारातली कारली वजनासाठी मोठी होऊ दिलेली असतात, घरचं कारलं तुम्ही कोवळं, बियांसकट खाण्याजोगं काढू शकता. दर दोन-तीन दिवसांनी तोडत राहिलात तर वेलही धरत राहतो.

ताटात आणायचं कसं

कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच, ही म्हण खरी आहे. आणि तरीही आपण चिंच-गुळात बुडवून ते गोड करायचा अट्टहास करतो. मधुमेहासाठी म्हणून केलेल्या भाजीत मूठभर गूळ, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय.

आमच्या घरच्या काचऱ्या अशा. पाव किलो कोवळी कारली, साल न खरवडता, पातळ चकत्या करून. अर्धा चमचा मीठ चोळून दहा मिनिटं ठेवायच्या आणि हलक्या हाताने पिळायच्या. पिळलेल्या पाण्यासोबत कडवटपणा जातो, तसं क जीवनसत्त्वही जातं. कच्च्या कारल्यात ते १०० ग्रॅमला सुमारे ८४ मिलिग्रॅम, म्हणजे भरपूर असतं, त्यामुळे तासभर मिठात मुरवून खळखळून धुऊ नका. लोखंडी कढईत दोन चमचे तेल, मोहरी, हिंग, हळद, मग चकत्या. झाकण ठेवायचं नाही, झाकलं की वाफेने चकत्या लिबलिबीत होतात. मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं परतल्या की कडा तांबूस होऊन कुरकुरायला लागतात. आता तिखट, आमचूर आणि भाजलेल्या तिळाचं कूट. वरणभातासोबत चार चमचे पुरतात. सवय नसलेल्यांनी पहिल्यांदा अर्धा कांदा उभा चिरून सोबत परतावा.

साल खरवडायचीच असेल तर ती फेकू नका. तीळ-सुकं खोबरं घालून परतली की चटणी होते, नाहीतर थालिपिठाच्या भाजणीत मिसळा.

घरगुती उपयोग: कोणता धरावा, कोणता सोडावा

आयुर्वेदात कारलं तिक्त रसाचं, भूक वाढवणारं, पित्त आणि कफ कमी करणारं मानलेलं आहे. ग्रंथात त्याचं नाव कारवेल्लक. जुन्या घरांत त्याचे उपयोग साधारण असे असत.

तोंडाला चव नसणं. तापातून उठल्यावर दोन घास कारल्याची भाजी देण्याची रीत. कडू चवीने तोंडाला पाणी सुटतं आणि जेवण जातं. हा उपयोग निर्धास्त ठेवावा.

तळपायाची आग. पानं कुटून चोथा तळव्याला बांधायचा किंवा रस चोळायचा. गार वाटतं आणि तेवढ्यापुरता आराम मिळतो. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून बघा, काहींना खाज सुटते. पण ज्याला मधुमेह आहे आणि तळपाय सारखे जळतात किंवा बधिर वाटतात, त्याने पाला बांधत बसू नये. ते नसांचं लक्षण असू शकतं, पाय डॉक्टरांना दाखवायलाच हवेत. फुटलेल्या कातडीवर, जखमेवर पाला लावायचा नाही.

जंत. लहान मुलांना पानांचा रस पाजायची पद्धत गावोगावी होती. ही मात्र सरळ सोडून द्या. कारल्याच्या काढ्याने लहान मुलांची साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरल्याच्या नोंदी आहेत. जंतांसाठी अल्बेंडाझोलची गोळी शाळा-अंगणवाडीत वर्षातून दोनदा फुकट मिळते, ती द्यावी.

आणि मग साखर.

रसाचं माप

कारल्यात साखरेवर काम करणारे घटक आहेत, ही निव्वळ ऐकीव गोष्ट नाही. चॅरँटिन हा त्यातला एक. दुसरा पॉलिपेप्टाइड-पी, इन्शुलिनसारखं काम करणारं प्रथिन. १९८१ मध्ये जयपूरच्या संशोधकांनी त्यावरचं काम प्रसिद्ध केलं. पण त्यांनी ते प्रथिन टोचून दिलं होतं. प्रथिन तोंडाने घेतलं की पोटात पचतं, म्हणून तर इन्शुलिनही प्यायला देत नाहीत. २०११ मध्ये थायलंडमधली एक चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात चार आठवडे रोज २००० मिलिग्रॅम कारल्याची पूड घेणाऱ्यांची साखर थोडी उतरली, पण १००० मिलिग्रॅम मेटफॉर्मिन, म्हणजे मधुमेहाची नेहमीची गोळी, घेणाऱ्यांइतकी नाही. उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१२ च्या आढाव्याने तोवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या आणि टाइप २ मधुमेहासाठी कारल्याची शिफारस करण्याइतका पुरावा नाही असं म्हटलं. तेव्हा कारल्याने काहीच होत नाही असं नाही, पण त्याच्या जिवावर गोळी बंद करणं हा वेडेपणा आहे.

उलट बाजूचा अनुभव आमच्याच घरातला. आईला साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी चालू होती. बागेत फिरायला येणाऱ्या मैत्रिणींचं ऐकून तिने सकाळी पेलाभर कारल्याचा रस सुरू केला. गोळी नेहमीच्या वेळेला, नाश्ता मात्र पूजा आटोपून साडेनऊला. पाचव्या की सहाव्या दिवशी मी स्वयंपाकघरातून हाक मारली तर उत्तर जड जिभेने आलं. जाऊन बघते तर हात थंडगार, कपाळावर घाम. "अगं, काही नाही गं, जरा गरगरतंय." यंत्रावर साखर ५४. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली तर ८८. मग पोळी-भाजी खायला घातली आणि डॉक्टरांना फोन केला. दोष एकट्या रसाचा होता असं मी म्हणणार नाही, उशिराचा नाश्ताही होताच. पण गोळी, रस आणि रिकामं पोट हे त्रिकूट जमू द्यायचं नाही, हे त्या दिवशी कळलं.

ज्यांना रस घ्यायचाच आहे त्यांच्यासाठी, या क्रमाने:

१. गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. "भाजी खातो" आणि "रस पितो" यात त्यांच्या लेखी फरक आहे, तो स्पष्ट करा.

२. आयुर्वेदात ताज्या रसाची मात्रा चमच्यांनी मोजतात, पेल्यांनी नाही. दोन-तीन छोटे चमचे, तेवढ्याच पाण्यात. पेलाभर प्यायल्याने आधी पोट बिघडतं.

३. रिकाम्या पोटी घेऊन फिरायला जाऊ नका. खाण्यासोबत घ्या.

४. पहिले पंधरा दिवस घरी साखर मोजून वहीत लिहा. ७० च्या खाली गेली किंवा हातापायाला कंप, घाम, गरगर जाणवली तर तीन चमचे साखर, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजणं, आणि रस त्या दिवसापासून बंद. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

५. ऑपरेशन ठरलं असेल तर दोन आठवडे आधी थांबवा.

आणि एक, जे मी प्रत्येकाला बजावते. कारल्याच्या रसात दुधीचा रस मिसळू नका. कारलं मुळातच कडू, त्यामुळे दुधी कडू निघाला तरी जिभेला कळत नाही, आणि कडू दुधी विषारी असतो. २०१० मध्ये दिल्लीत अशा रसाने एक मृत्यू झाला, त्यानंतर आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, समिती नेमली. कडू लागणारा दुधीचा रस पिऊ नये आणि तो दुसऱ्या कुठल्या रसात मिसळू नये, असं त्या समितीचं सांगणं होतं.

रस कुणी अजिबात घेऊ नये? गरोदर बायकांनी, आणि मूल हवं म्हणून प्रयत्न चाललेत त्यांनीही. लहान मुलांनी. ज्यांना जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता आहे त्यांनी, कारण कारल्याच्या बियांत व्हिसिन असतं आणि त्याने अशा माणसांच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. त्यांनी भाजीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच खावी.

पुढच्या जूनसाठी

हंगाम संपत आला की वेलावरचं सगळ्यात सरळ, निरोगी कारलं हेरून त्याला रंगीत दोरा बांधा, म्हणजे घरातलं कुणी ते भाजीसाठी तोडणार नाही. ते पिकून केशरी होतं आणि एका सकाळी खालून तीन पाकळ्यांत उलगडतं, आत लालभडक गरात गुंडाळलेल्या बिया. गर गोडसर असतो, बुलबुल त्यावर टपून असतात, मुलांनाही मोह होतो. मुलांना देऊ नका, बी पोटात गेलं तर उलट्या-जुलाब होतात. बिया काढून, राखेत चोळून, धुऊन सावलीत आठ दिवस वाळवा. मग कागदाच्या पुडीत, पुडीवर जात आणि वर्ष लिहून, तांदळाच्या डब्याशेजारी कोरड्या जागी. माझ्या पुडीत या वर्षी एकवीस बिया आहेत. तीन कुंड्यांना नऊ लागतील, उरलेल्या वाटून टाकेन.